गेम लावला की पीसी धाडकन रीस्टार्ट होतो: ग्राफिक्स कार्ड गेलंय की एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा)?

रिकामा_स्लॉट:
असेंबल्ड पीसी. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक्सएमपी (रॅम जाहीर वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू, ३२०० वर. आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं, आता सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घातलंय. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, स्टिकरवर ४५० वॅट लिहिलंय. त्याला कार्डाची ८ पिन नव्हती, म्हणून दोन मोलेक्सची (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या जोडांची) एक ८ पिन करणारा कन्व्हर्टर लावलाय. सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे.

ब्राउझर, व्हिडिओ, एक्सेल दिवसभर बिनतक्रार चालतात. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत, कधी कधी तर मेनूतच, स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. निळी स्क्रीन येत नाही. सीपीयू ७४, कार्ड ७१ अंशांच्या वर गेलेलं दिसलं नाही. ड्रायव्हर आणि विंडोज, दोन्ही नव्याने टाकून झालं. दुकानदार कार्ड बदला म्हणतोय. बदलू का?

पोपटपाना:
आत्ता कशालाच हात लावू नका. आधी विंडोजने काय नोंदवलंय ते बघा. विंडोज की आणि आर दाबून eventvwr टाका, किंवा शोधपट्टीत 'इव्हेंट व्ह्यूअर' टाकलंत तरी चालेल. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. रीस्टार्टच्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' सापडेलच. पण बहुतेक लोक इथेच थांबतात. ४१ चा अर्थ एवढाच, की पीसी नीट बंद झाला नाही. कारण त्यात नसतं. ती नोंद उघडून डिटेल्सच्या टॅबमध्ये 'बगचेककोड' बघा.

तिथे २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकलाय. २९२ असेल तर हार्डवेअरची चूक प्रोसेसरने स्वतः पकडलीय. २६ असेल तर मेमरीकडे बघायचं. आणि ० असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलासुद्धा वेळ मिळालेला नाही, म्हणजे खालून वीजच गेली किंवा बोर्ड रीसेट झाला.

अजून एक. यूपीएसवर मॉनिटरही आहे का? पीसी पडतो तेव्हा मॉनिटरचा दिवाही जातो की चालू राहतो?

खटकावाला:
माझं मत रॅम. बी४५० वर एक्सएमपी लावून गेम पडणं नवीन नाही. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा, रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वर येईल, मग खेळून बघा. थांबलं तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकून पूर्ण चार पास होऊ द्या. एकही एरर चालत नाही, 'फक्त दोनच आल्या' असा प्रकार नसतो.

रिकामा_स्लॉट:
बगचेककोड सगळीकडे ०. आठ नोंदी बघितल्या. मॉनिटर त्याच यूपीएसवर आहे आणि चालूच राहतो, 'नो सिग्नल' दाखवतो. एक्सएमपी बंद केलं, तरी तेच.

पोपटपाना:
मग यूपीएस संशयातून सुटला. तो ओव्हरलोड होऊन बंद पडला असता तर मॉनिटरही गेला असता. तरी तो पुरेसा नाही हे लक्षात ठेवा. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे.

रॅम खराब असती तर आठांपैकी एखाद-दुसऱ्या वेळी तरी निळी स्क्रीन आली असती, किंवा नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला असता. दर वेळी कोड ०, आणि तेही फक्त लोडवर, हे रॅमचं लक्षण नाही.

आता एसएमपीएस. पुढचं '४५०' विसरा. बाजूच्या तक्त्यात +१२व्ही खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. ३०६० ची मर्यादा १७० वॅट, तुमचा ५६०० पूर्ण ताणला की ७६ वॅटपर्यंत, बोर्ड, पंखे, डिस्क मिळून ४०-५० धरा. म्हणजे गेममध्ये सलग ३०० च्या आसपास. १०५० टीआय ७५ वॅटचं होतं, बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायरही लागत नाही, स्लॉटवरच चालतात. म्हणून जुनं कार्ड असताना एसएमपीएसची लंगडी बाजू उघडी पडली नाही.

फ्यूजवायर:
तापमान ठीक असूनही पडतो, याचं उत्तर झटक्यांत आहे. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर वीज ओढतं. चांगला एसएमपीएस हे पोटात घेतो. हलक्याचं १२ व्होल्ट खाली बसतं, तो बोर्डाला देत असलेला 'पॉवर गुड' सिग्नल जातो, बोर्ड रीसेट. म्हणून आपोआप रीस्टार्ट. काही एसएमपीएस संरक्षण लागून पूर्ण बंद पडतात आणि मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय उठत नाहीत. रोग तोच.

मेनूत पडण्याचंही कोडं नाही. फ्रेम्सना मर्यादा नसेल तर कार्ड रिकामा मेनूही सेकंदाला शेकडो वेळा रंगवत बसतं.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) १२ व्होल्टचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. ठरलेली हद्द ११.४ ते १२.६ आहे, पण तो प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी वाचतो. मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसणारच नाही. त्यापेक्षा आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग्ज बदलणारा प्रोग्रॅम) घ्या, पॉवर लिमिट ७० टक्के करा, फ्रेम्स ६० वर बांधा. कार्ड १२० वॅटच्या खाली राहील. याने पडणं थांबलं तर कार्ड बहुधा निर्दोष.

खटकावाला:
ओसीसीटीची (पीसीवर मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम) पॉवर टेस्ट लावली की पाच मिनिटांत निकाल लागेल. आधी नुसता सीपीयू, मग नुसतं कार्ड, मग दोन्ही एकत्र. एकेकटं चालतं आणि एकत्र पडतं, तर एसएमपीएसच. रॅमचं मी मागे घेतो.

फ्यूजवायर:
पद्धत बरोबर, पण बिननावाच्या एसएमपीएसवर ती टेस्ट करू नका. तो जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत नेऊ शकतो. ७० टक्क्यांची चाचणी उलट्या दिशेने तेच सांगते आणि काही जळत नाही.

कन्व्हर्टरही काढून बघा. पीसी बंद करून, वायर भिंतीतून काढून, मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरच्या पिनेजवळ तपकिरी झालंय का, पिन सैल आहे का. ८ पिनेतून १५० वॅटपर्यंत जाऊ शकतात. आणि कोणी साटातून (डिस्कला वीज देणाऱ्या वायरीतून) ८ पिन काढणारा कन्व्हर्टर देऊ केला तर घेऊच नका. साटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअरच्या, म्हणजे ५४ वॅट.

रिकामा_स्लॉट:
७० टक्के आणि ६० फ्रेम्सवर अडीच तास चालला, एकदाही पडला नाही. १०० टक्के केलं, फ्रेम्स मोकळ्या सोडल्या, सहा मिनिटांत रीस्टार्ट. स्टिकरवर +१२व्ही १८ ए, म्हणजे २१६ वॅट. मोलेक्सची एक पिन तपकिरी पडलीय. आता ५५० घेऊ की ६५०?

पोपटपाना:
३०६० साठी एनव्हीडिया ५५० च सांगते आणि चांगल्या मेकचा ५५० पुरतो. पुढे ३०७० किंवा ६७०० एक्सटीच्या वर्गातलं कार्ड मनात असेल तर ६५०. ८० प्लसच्या शिक्क्याचा (ब्राँझ, गोल्ड वगैरे) रंग बघून भुलू नका, ते वीज किती वाया जाते याचं माप आहे. तक्त्यात १२ व्होल्टवर जवळजवळ सगळे वॅट मिळतात का, कार्डाची ६+२ पिन एसएमपीएसमधूनच येते का आणि वॉरंटी पाच वर्षं तरी आहे का, हे बघा. तोवर ७० टक्क्यांवरच खेळा, तेही तो जळका कन्व्हर्टर बदलून. खरं तर जुनं १०५० टीआय परत लावणं जास्त शहाणपणाचं.

फ्यूजवायर:
बसवताना दोन गोष्टी. प्रोसेसरची ८ पिन ४+४ असते आणि कार्डाची ६+२, जोर लावून एकीच्या जागी दुसरी घालू नका. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) घेतलात तर त्याच्याच वायरी वापरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक मेकची वेगळी असते, आणि चुकीची वायर बसते व्यवस्थित, पण डिस्क जाळते. जुना एसएमपीएस उघडून बघायचा मोह झाला तर आवरा, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात. आणि नवा लावल्यावर पीसी ६०० व्हीएवर ठेवून गेम खेळलात तर तो ओव्हरलोडने ओरडेल. १००० व्हीए बघताना वॅटचा आकडा वाचून घ्या.