एस्टेस पार्कला आईबाबांना घेऊन जाताना

पुण्याहून येणारे सत्तरीचे आईबाबा सोबत असताना एस्टेस पार्कला, म्हणजे अमेरिकेत कोलोराडोमधल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानालगतच्या गावाला, जावं का, असं एकांनी विचारलंय. जरूर जा, फक्त उंचीला गृहीत धरू नका. गावच जवळपास २,२९० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बरंच वर. उद्यानातून जाणारा ट्रेल रिज रोड तर ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. विमानातून उतरल्या उतरल्या तिकडे गाडी घालू नका. पहिली रात्र डेन्व्हरला, मग एक दिवस गावातच, नदीकाठी रमतगमत, भरपूर पाणी पीत. बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

अनेक जण उद्यानातलं बेअर लेक हे तळं सुचवतात. सुंदर आहेच, पण गर्दी फार. वडीलधाऱ्यांसाठी मी स्प्रेग लेक निवडेन. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, बसायला बाकं आहेत आणि समोर डोंगरांची अख्खी रांग दिसते. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दुपारी विजांचं वादळ येतं आणि उघड्या माथ्यावर ते खरंच धोक्याचं असतं. उद्यानात शिरायला हंगामात वेळेचं आगाऊ आरक्षण लागतं, ते अधिकृत संकेतस्थळावर आधीच तपासा.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात जमलं तर उत्तमच. अ‍ॅस्पेन नावाची झाडं पिवळीधमक होतात, आणि एल्क या मोठ्या हरणांचे नर संध्याकाळी शीळ घातल्यासारखे ओरडतात. ते गावातल्या हिरवळीवरही येतात. फोटोसाठी जवळ जायचं नाही, किमान २३ मीटर अंतर ठेवायचं. आईबाबांना हे आधीच सांगून ठेवा.