सागरी महामार्गालगत सायकल-पायवाट: आधी कुणासाठी?

कातळसडा:
कालची पोस्ट तीनदा वाचली, राग जाईना म्हणून लिहितोय. म्हणणं असं की रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्यापर्यंत, रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाने सायकल आणि पायी चालण्यासाठी निसर्गरम्य मार्ग करावा. हैदराबादने २०२३ मध्ये रिंगरोडलगत २३ किलोमीटरचा ट्रॅक केला, वर सोलर छत टाकलं, मग कोकणाने का नाही?

अहो, तिथे रिंगरोडच्या कडेला मोकळी जागा होती. इथे एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. ट्रॅकला जागा हवी तर डोंगर कापा, नाहीतर सुरूचं बन. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. परशुराम घाटात मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर कापल्यावर किती दरडी खाली आल्या ते आम्ही बघितलंय. पवईला तलावाकाठचा सायकल ट्रॅक हायकोर्टाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, तेही विसरलात?

आणि चालायला वाट हवी तर पाखाड्या आहेत, दगडी पायऱ्यांच्या जुन्या वाटा. आमची आजी त्यांवरूनच बाजाराला जायची. आज रानात बुजल्यात, त्या साफ करा.

दोनचाकी:
पोस्ट माझीच. डोंगर कापा असं मी लिहिलेलं नाही. आरे-वारेची वळणं सोडा, तिथे गाड्यांचा वेग ताशी तीसवर आणा. पण नेवरे-मालगुंडकडे सपाटी आहे, तिथे काय अडचण?

मागच्या डिसेंबरात तवसाळ-जयगड फेरीबोटीत सायकल टाकून खाली आलो. मालगुंडच्या अलीकडे मागून आलेल्या गाडीचा आरसा हँडलला घासला आणि मी गटारात. कोपर अजून सरळ होत नाही. पाखाडीला पायऱ्या असतात, सायकल काय खांद्यावर घेऊ?

शाळेची वाट:
तुमच्या कोपराचं वाईट वाटलं, दादा. पण आमची पोरं रोज त्याच कडेने चालतात. साइडपट्टी नाहीच, डांबर संपलं की गटार. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बायकांनी गाडी आली की उतरायचं कुठे? मला दृश्य नको. शाळा ते बाजार दोन मीटरची वाट द्या, गावाच्या बाजूने. शनिवार-रविवारी फोटोंसाठी वळणावरच गाड्या लावणाऱ्यांना आधी आवरा.

मिऱ्याचा वारा:
ट्रॅक करा नाहीतर पायवाट, पावसाळ्यात त्यावर गुरं बसणार. रान ओलं असतं, म्हणून ती डांबरावर येतात. श्रावणात माझा भाऊ रात्री कामावरून येताना काळ्या गाईवर गेला. खांद्यात पट्टी घातलीय. ग्रामपंचायतीने कोंडवाडा उघडून मालकांना दंड लावल्याशिवाय एक रुपया खर्च करू नये.

कातळसडा:
दंड कुणाला लावणार? गुरं कुणाची म्हणून विचारलं तर कुणी पुढे येत नाही. नांगर गेले, ट्रॅक्टर आले, बैल सोडून दिले. शेतं पडीक, कारण मालक मुंबईला. गणपतीत पाच दिवस यायचं आणि गाव सुधारत नाही म्हणून बोलायचं.

चाकरमानी:
हे मुंबईवाल्यांवर कशाला? माझे वडील गिरणीत राबले म्हणून इथल्या घरावर कौलं चढली. सत्तरीतल्या आईला गोठा झेपेना, म्हणून आम्ही दोन्ही म्हशी पैसे न घेता शेजाऱ्याला दिल्या. सोडल्या नाहीत. गावात राहणारे दूध आटलं की गाय सोडतात, ते आधी लिहा.

मिऱ्याचा वारा:
ते खरं आहे. आमच्या वाडीतही दोघे तेच करतात. मी तोंडावर बोललोय, तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं बंद आहे.

कातळसडा:
आमच्या घरूनही एक बैल असाच गेला. बाबांनी सोडला, मी अडवलं नाही. पण पडीक शेतांबद्दल लिहिलं ते खोटं नाही.

शाळेची वाट:
दीड दिवस गुरांवरच चाललंय. शाळा पावणेपाचला सुटते. त्या वाटेचं कुणी काही बोलणार आहे का?

दोनचाकी:
ताई, तुमचं पटलं. समुद्राच्या बाजूचा आग्रह सोडतो. आधी शाळा ते बाजार करा. पुढच्या टप्प्यात मात्र सायकलला जागा हवीच, त्यावर मी हटणार नाही.

कातळसडा:
सुरूचं एकही झाड पडणार नसेल तर गावातल्या वाटेला माझा विरोध नाही. रस्त्याला लागून माझा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे, तीन फूट मागे घेतो. पण सातबारावर अकरा नावं आहेत, त्यांतली सात मुंबईत. सह्यांसाठी मी स्वतः येईन, दार उघडा म्हणजे झालं.

चाकरमानी:
या. त्या अकरांत आमच्या काकांचंही नाव असेल, त्यांची सही मी मिळवून देतो. गुरांबद्दल तुम्ही म्हणालात ते मात्र मी मान्य केलेलं नाही.