मदत हवी आहे: डोंबिवलीहून देवरुखजवळच्या गावी घर हलवायचंय
मंडळी, आईबाबा रिटायर होऊन कायमचे गावी चाललेत आणि वन बीएचकेतलं सगळं सामान न्यायचंय. पावसात नको आणि गणपतीत तर मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदीच असते, म्हणून दिवाळीनंतर काढू म्हणतोय. खरी पंचाईत पुढे आहे, ट्रक डांबरी रस्त्यापर्यंतच येतो, तिथून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी (पायऱ्यांची वाट), म्हणजे फ्रिज आणि आईचं गोदरेजचं कपाट (ते ती सोडणार नाहीच!) माणसांनीच उचलायचं. मग पॅकर्सवाले बघावेत की गावचाच टेम्पो, जो मुंबईहून परत जाताना रिकामा असतो? फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (नेताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे) सापडत नाहीयेत, तसंच नेलं तर ड्रम जातो का? आणि गॅस कनेक्शन इथे सरेंडर करून तिकडे मिळेपर्यंत किती दिवस जातात, कोणी केलंय का?