रोबोट व्हॅक्यूम आणल्यावर साध्या व्हॅक्यूम क्लीनरची गरज उरते का?

नमस्कार. हा प्रश्न विचारण्याआधी मी दोन दुकानांत जाऊन आले, पण तिथे ऐकलेल्या गोष्टींनी गोंधळ वाढलाच. म्हणून घराची सगळी माहिती देऊन सविस्तर विचारते आहे.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. बांधकाम जुने आणि दुमजली असून खालच्या सोप्यात व देवघरात शहाबादी फरशी आहे. स्वयंपाकघर आणि मागची खोली चार वर्षांपूर्वी नव्या टाइल्सची करून घेतली. त्यामुळे खोल्याखोल्यांच्या फरशीची पातळी सारखी राहिलेली नाही आणि मधले उंबरठे तसेच आहेत. गल्लीच्या तोंडाशी यंत्रमागाचा कारखाना आहे. तिथून सुताचे बारीक तूस वर्षभर घरात येते, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्यात कोरड्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीची भर पडते. सकाळी आठला केर काढला तरी दुपारी तीनच्या सुमारास कपाटाच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येते. नळाला पाणी रोज येत नसल्याने रोज फरशी पुसायची म्हटले तर आधी पिंपाकडे पाहावे लागते.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि त्यांना दमा आहे. त्यांच्या खोलीत कोरडा झाडू फिरवू नये आणि गादी स्वच्छ ठेवावी, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी साडेनऊला नोकरीसाठी घर सोडते. कामाला येणाऱ्या मावशी मनापासून काम करतात, पण त्या झाडू मारतात तेव्हा कवडशात धूळ तरंगताना स्पष्ट दिसते.

घरात २०१३ साली घेतलेला डबा आणि नळीचा, १४०० वॅटचा, कापडी पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. त्याने आम्ही गाद्या, सोफा, पंख्यांची पाती, सरकत्या खिडक्यांच्या खोबणी, जिन्याच्या पायऱ्या आणि दर महिन्याला कोपऱ्यांतली जळमटे काढतो. दिवाळीपासून तो दहा मिनिटे चालला की जळका वास येतो आणि बंद पडतो. ज्या दुकानात दाखवला तिथल्या विक्रेत्याने तो उघडूनही न पाहता सांगितले की याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, हा रोबोट घ्या, हा घरी आला की दुसरे काही लागत नाही. जुने यंत्र बदलीत द्या, असाही त्यांचा आग्रह होता. खर्चाची मर्यादा साधारण ३०,००० रुपयांची आहे, म्हणजे चांगला रोबोट आणि चांगला साधा व्हॅक्यूम हे दोन्ही एकदम घेणे जमणार नाही.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. ज्यांच्या घरी रोबोट किमान वर्षभर वापरात आहे, त्यांचा साधा व्हॅक्यूम खरोखर माळ्यावर गेला का? सुताचे तूस त्याच्या ब्रशात अडकत नाही का? विक्रेता हजारो पास्कलचे आकडे सांगतो आणि आमच्या यंत्रावर वॅट लिहिलेले आहेत. या दोन्हींची तुलना कशी करायची? आणि जुने यंत्र बदलीत देऊ की ठेवू?

सासूबाईंची एक अटही सांगून ठेवते. यंत्र दिवेलागणीनंतर चालवायचे नाही, कारण यंत्राने काढला तरी केर तो केरच. तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर चालवा हा सल्ला आमच्या घरी लागू पडणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो आणि दोन वर्षांपासून रोबोट वापरतो. विक्रेत्याचे म्हणणे चुकीचे आहे. रोबोटने आमच्या घरातून केरसुणी घालवली, व्हॅक्यूम क्लीनर घालवला नाही. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्याचे नाव व्हॅक्यूम असल्यामुळे सगळा घोळ होतो.

रोबोट रोज सकाळी साडेदहाला निघतो, लेसर फिरवून घराचा नकाशा तयार ठेवतो, पलंगाखालून आणि कपाटाखालून एका रांगेत फिरतो आणि आपल्या जागी परत जाऊन उभा राहतो. रोज न चुकता होणारी ही सफाई हाच त्याचा खरा फायदा आहे. माणूस पलंगाखाली आठवड्यातून एकदा वाकतो. तसेच तो धूळ ढकलत नेण्याऐवजी ओढून घेतो, त्यामुळे झाडूने उडते तेवढी ती हवेत उडत नाही. आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

मात्र त्याचे जग जमिनीपासून सुरू होऊन जमिनीवरच संपते. गादी, सोफा, पडदे, पंखे, खिडक्यांच्या खोबणी आणि जिना यांपैकी एकही काम तो करत नाही. रविवारी साधा व्हॅक्यूम काढावाच लागतो. फरक इतकाच की पूर्वी दीड तास लागायचा, आता गाद्या आणि खिडक्या मिळून चाळीस मिनिटांत होते.

घेण्यापूर्वी टेप घेऊन घर मोजा. लेसरची टोपी असलेला रोबोट साधारण साडेनऊ ते दहा सेंटीमीटर उंच असतो, तेव्हा दिवाणाखाली अकरा तरी मोकळे हवेत. बहुतेक यंत्रे दोन सेंटीमीटरच्या आसपासचा उंबरठा चढतात, त्याहून उंच असेल तर आपटून परत फिरतात. तुमच्या घरात खरी अडचण इथेच येईल असे वाटते. शहाबादी फरशीच्या सांध्यांतला सिमेंट निघालेला असेल तर त्या चिरांतली माती रोबोटला पूर्ण ओढता येत नाही. तिथे नळीला चपटे तोंड लावून साधा व्हॅक्यूमच लागतो. फरशीवर काळ्या पट्ट्यांचे जाजम घालत असाल तर तेही लक्षात ठेवा. खाली पायरी आहे की काय हे पाहणारे त्याचे सेन्सर अवरक्त किरण परत आले नाहीत की खड्डा समजतात, आणि काळा रंग ते किरण शोषून घेतो. आमचा रोबोट एका जाजमाच्या काठाशी येऊन तासभर विचारात पडला होता.

तुसाबद्दल आपली शंका रास्त आहे. तूस आणि केस मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना घट्ट गुंडाळले जातात. आठवड्यातून एकदा ब्रश काढून कात्रीने ते कापावे लागतात, नाहीतर मोटारीवर ताण येतो. कारखान्याशेजारी तुम्हाला हे दोनदा करावे लागेल. केराचा डबा जेमतेम ४०० मिलीलिटरचा असतो आणि तूस हलके असले तरी जागा फार खाते, तेव्हा तो रोज रिकामा करायचा हे गृहीत धरा. ब्रश पूर्ण केसाळ नसून रबरी पात्यांचा असेल तर त्रास कमी होतो.

आणि देवघरासमोर रांगोळी काढत असाल तर नकाशात तो चौकोन पहिल्याच दिवशी प्रवेशबंद करा. आमच्याकडे गौरींच्या वेळी ते राहून गेले आणि हळदीकुंकवाचा रंग थेट स्वयंपाकघरापर्यंत चाकांच्या दोन रेघांनी गेला.

प्रतिसाद २

माझे मोटार रिवाइंडिंगचे काम आहे, म्हणून फक्त यंत्राविषयी लिहितो.

जुने यंत्र बदलीत देऊ नका. मिक्सर, ड्रिल मशीन आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मोटारी एकाच जातीच्या असतात. त्यांत फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी कार्बनचे दोन लहान तुकडे असतात आणि ते घासून संपतात. ते आखूड झाले की ठिणग्या पडतात, जळका वास येतो आणि मोटार तापते. अकरा-बारा वर्षे चाललेल्या यंत्रात हे होणारच. मोजमाप जुळवून हे कार्बन कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याकडे बसवून मिळतात. त्यासाठी मूळ कंपनीच्या सुट्या भागांची गरज नसते. दुसरे संभाव्य कारण म्हणजे पिशवीची छिद्रे बुजणे. या यंत्रांत आत ओढलेली हवाच मोटारीला थंड ठेवते. हवा अडली की मोटार तापते, सुरक्षा स्विच ती बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होऊ देतो. आपले यंत्र थंड झाल्यावर चालू होत असेल तर आधी पिशवी उलटी करून गच्चीवर झटका.

वॅट आणि पास्कल यांची तुलना होत नाही. आपल्या यंत्रावरचे १४०० वॅट म्हणजे ते किती वीज घेते, किती ओढते हे नव्हे. पास्कल हे दाबाचे माप आहे. साध्या व्हॅक्यूमचा दाब बहुधा १५,००० ते २०,००० पास्कलच्या घरात असतो, रोबोटचा पूर्वी दोन-अडीच हजार असायचा आणि आता काही कंपन्या दहा हजारांहून मोठे आकडे छापतात. पण दाबाबरोबर दर सेकंदाला किती हवा वाहते हेही तितकेच महत्त्वाचे असते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या लहान मोटारीत ती कमीच असते. गुळगुळीत फरशीवरची धूळ उचलायला एवढे पुष्कळ झाले.

बॅटरीबाबत एक सूचना. अनेक रोबोटांच्या पुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांची कमाल मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी तेवढे तापमान सहज होते. त्याची चार्जिंगची जागा खालच्या मजल्यावर, उन्हापासून दूर ठेवा.

प्रतिसाद ३

माझ्या मुलाला दमा असल्याने एक मुद्दा जोडते. मोटार दुरुस्त झाली तरी कापडी पिशवीचे यंत्र पुढून ओढलेली अगदी बारीक धूळ मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत सोडते. डोळ्यांना दिसते ती धूळ पिशवीत राहते, दम्याला त्रास देणारी मात्र बाहेर येते. म्हणून पुढेमागे साधा व्हॅक्यूम नवा घ्याल तेव्हा हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवून ठेवणारी गाळणी) असलेला आणि झाकण घट्ट बसणारा घ्या. सध्या जुना चालवायचा असेल तर सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा, खिडक्या उघड्या ठेवा आणि नंतर अर्धा तास त्यांना आत येऊ देऊ नका. रोबोटचा डबाही त्यांनी स्वतः रिकामा करू नये. तो अंगणात नेऊन, ओल्या कागदावर झटकावा.

गादीच्या बाबतीत केवळ यंत्रावर भिस्त ठेवू नका. गादीतले सूक्ष्म किडे दमट हवेत वाढतात आणि आपली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, ही आपली जमेची बाजू आहे. आमच्याकडे गादीला चेन असलेला घट्ट विणीचा अभ्रा घातला, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतो आणि उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकतो.

प्रतिसाद ४

रोबोटपेक्षा हातात धरायचा बिनवायरचा व्हॅक्यूम घ्यावा, असे मी सुचवीन. जिना, गादी आणि फरशी तिन्हीला चालतो. मात्र जास्त जोरावर चालवला की बॅटरी काही मिनिटांतच संपते, आणि तो फिरवायला माणूस लागतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बिनवायरच्या यंत्राची सूचना चांगली आहे, पण दुपारी ते फिरवायला घरी कोणी नसते, त्यामुळे तो विचार सोडला.

काल जुने यंत्र रिवाइंडिंगच्या दुकानात नेले. उघडल्यावर एक कार्बन जवळजवळ संपलेला निघाला आणि दुसऱ्याचा तिरका तुकडा उरला होता. दोन्ही बदलून, आतली धूळ हवेने काढून ३५० रुपये झाले. घरी आणून वीस मिनिटे सलग चालवला. वास आला नाही. मागच्या झरोक्यातला स्पंज मात्र हात लावताच भुगा झाला, त्यामुळे ताईंनी दम्याबाबत लिहिलेले आमच्या यंत्राला तंतोतंत लागू आहे. म्हणून हे यंत्र आता खिडक्यांच्या खोबणी, पंखे, जिना आणि फरशीच्या चिरा यांच्यासाठी, तेही सासूबाई शेजारी गेलेल्या असतानाच वापरायचे ठरवले आहे. त्यांच्या गादीला अभ्रा शिवायला टाकला.

नंतर टेप घेऊन घर मोजले. दिवाणाखाली नऊ सेंटीमीटर जागा आहे, म्हणजे रोबोट तिथे जाणार नाही. पण सुताराने पायांखाली दोन सेंटीमीटरच्या लाकडी चकत्या बसवून देण्याचे कबूल केले आहे. देवघराचा उंबरठा दीड सेंटीमीटरचा आहे आणि तिथे सासूबाईंच्या सांगण्यावरून रोबोटला तसाही प्रवेश नाही. सासूबाईंच्या खोलीचा उंबरठा दोन सेंटीमीटर आहे. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधला मात्र चार सेंटीमीटर आहे आणि तो घासून कमी करायला घरात कोणी तयार नाही. दोन्ही बाजूंनी लाकडाचा उतार करून घेता येईल, पण येताजाता सासूबाईंचा पाय त्यावरून घसरेल अशी भीती वाटते. त्यामुळे रोबोट घेतलाच तर तो सोपा आणि सासूबाईंची खोली एवढ्यापुरताच, रोज सकाळी मी निघण्यापूर्वी चालेल. स्वयंपाकघर मावशी पुसून घेतील. एवढ्या कामासाठी ३०,००० रुपये घालावेत असे आता वाटत नाही. लेसरचा नकाशा असलेले, पण स्वतः डबा रिकामा करणाऱ्या स्टँडशिवायचे साधे मॉडेल पाहते आहे आणि उरलेली रक्कम हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमसाठी बाजूला ठेवते आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या दादांना एक विनंती आहे. दोन सेंटीमीटरचा उंबरठा चढतो की नाही हे पुस्तिकेत काठावर आहे, आणि सासूबाईंच्या खोलीसाठी तेच निर्णायक आहे. आपली हरकत नसेल तर येत्या रविवारी सकाळी आम्ही आपल्याकडे येऊ. सुताराकडून आमच्या उंबरठ्याच्या मापाची पट्टी कापून आणते, म्हणजे ती आपल्या फरशीवर ठेवून यंत्र वर चढते की आपटून परत फिरते, हे समोरच पाहता येईल.