टिनमधला टूना मेयोनीजशिवाय कसा करावा? सुचवा

रानजाई

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मुलगा जिमला जातो, प्रथिनं मिळावीत म्हणून टूनाचे टिन आणून ठेवतो. त्याची पद्धत ठरलेली आहे: टिन उघडायचा, दोन-तीन मोठे चमचे मेयोनीज, कच्चा कांदा, आणि ते सगळं ब्रेडमध्ये भरायचं. आता नवऱ्याच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेले निघाले आहेत. डॉक्टरांनी मासे खायला सांगितले, पण तळलेलं आणि असले सॉस बंद केले. आपल्याकडे समुद्राचा मासा मुंबईहून बर्फात येतो. रविवारी मी आणते, पण आठवड्याच्या मध्ये नोकरी सांभाळून मासळीबाजार गाठणं होत नाही. म्हणून टिनचाच विचार चालू आहे.

अडचण अशी की मेयो वगळला तर टूना भुसभुशीत लागतो, घास घशाशी फिरतो, आणि टिनचा तो विशिष्ट वासही पुढे येतो. नवऱ्याला गरम आणि भाकरीबरोबर खाता येईल असं हवंय, मुलाला डब्यात नेता येईल असं. घरात एक टिन सूर्यफूल तेलातला आहे, बाकीचे मिठाच्या पाण्यातले. तुम्ही कसा करता ते सविस्तर सांगा.

सातपूर_दुसरी_पाळी

ताई, आधी टिनचं लेबल वाचा. टूना तीन प्रकारांत मिळतो: तेलातला, मिठाच्या पाण्यातला आणि नुसत्या पाण्यातला. पाण्यातला टूना निथळल्यावर 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं देतो, चरबी जेमतेम 1 ग्रॅम. तेलातला कितीही निथळला तरी चरबी 8 ग्रॅमच्या आसपास राहते. तीही एक वेळ चालेल. खरा भार मेयोचा आहे. नेहमीच्या मेयोत निम्म्याहून जास्त तेलच असतं, एका मोठ्या चमच्यात 90 ते 100 कॅलरी आणि 10 ग्रॅम चरबी. मुलगा तीन चमचे घालत असेल तर त्याला माशापेक्षा मेयोतूनच जास्त कॅलरी जातायत.

मिठाच्या पाण्यातला टिन असेल तर गाळणीत ओतून वरून साधं पाणी सोडा आणि हलक्या हाताने दाबून निथळू द्या. मीठ बरंच उतरतं, वासही कमी होतो. दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे धुतल्यानंतर चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका. आणि टिनवर जे मोठं वजन लिहितात त्यात पाणीही धरलेलं असतं. हिशोब करायचा तर खाली लिहिलेलं 'ड्रेन्ड वेट', म्हणजे निथळल्यावरचं वजन, बघा.

खाडीपलीकडे

मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर नाशिकरोडला. आमच्याकडे टूनाला कुपा म्हणतात आणि ताज्या कुप्याचं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, घरोघरी होतं. टिनचा कुपा मात्र वेगळ्या हिशोबाने करावा लागतो, कारण तो आधीच पूर्ण शिजलेला असतो. टिन बंद केल्यावर दाबाखाली शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवतात. आपण त्याला पुन्हा कच्च्या माशासारखं दहा मिनिटं परतलं की उरलासुरला ओलावा जातो. तुम्हाला जे भुसभुशीत लागतं त्यात याचाही वाटा असणार. मेयो तीन कामं करतो: ओलावा, स्निग्धपणा आणि आंबटपणा. ही तिन्ही आपल्या स्वयंपाकघरात आहेतच, फक्त टूना शेवटी घालायचा.

माझा सगळ्यात आवडता प्रकार मालदीवचा आहे. तिथे सकाळच्या न्याहारीला 'मस हुनी' खातात: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. बरोबर रोशी, म्हणजे आपल्या पोळीचीच बहीण. यात मेयोचा संबंधच नाही. कृती सांगते, क्रम चुकवू नका.

एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरा. त्यात हिरवी मिरची, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून हाताने चुरडा. कांद्याला पाणी सुटलं पाहिजे, तिथेच निम्मी चव ठरते. मग अर्धी वाटी ताजं खोवलेलं खोबरं घालून पुन्हा चोळा. आता निथळलेला टूना बोटांनी मोकळा करून मिसळा. वरून कोथिंबीर. फ्रीजमधलं खोबरं वापरत असाल तर आधी कोमट करून घ्या, गार खोबरं कोरडं लागतं. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. खोबऱ्यातली चरबी संपृक्त असते, त्यामुळे तुमच्या यजमानांसाठी अर्ध्या वाटीच्या पुढे जाऊ नका. हे प्रमाण दोन माणसांचं आहे.

गरम हवं तर भुर्जीच्या वाटेने जा. एक चमचा तेलात ठेचलेली लसूण आणि कढीपत्ता, मग कांदा, मग दोन चांगले पिकलेले टोमॅटो. टोमॅटो पार विरघळून रस्सा दाटसर होईपर्यंत थांबा. पिंपळगावचा माल बाजारात भरपूर येतो तेव्हा तीन घातले तरी चालतील. हळद, तिखट, दोन कोकमं. काळा मसाला घालायचा मोह होईल, पण अगदी चिमूटभर, नाहीतर मासा हरवतो. गॅस बारीक करून टूना घाला, एकदा हलवा, झाकण ठेवा, दोन मिनिटांत बंद. टूना तेलातला असेल तर त्यातलंच एक चमचा तेल फोडणीला घ्या, बाकीचं निथळून टाका.

कॉलेजरोड_सकाळ

मुलासाठी माझ्याकडून चक्का. टोन्ड दुधाचं दही कापडात बांधून दोन-तीन तास टांगा. एका टिनला तीन मोठे चमचे चक्का, पाव चमचा मोहरीची पूड, मिरपूड, लिंबू, बिया काढलेली काकडी आणि कांद्याची पात. मोहरी महत्त्वाची आहे, मेयोचा तो झणका तिच्यामुळेच येतो. द्राक्षांच्या हंगामात मी मूठभर थॉमसन द्राक्षं अर्धी कापून घालते. गोड-आंबट फार सुंदर लागतं, आणि नाशिकात राहून फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं नाही घालायची तर कधी घालायची!

जुनं_वळण

माशाबरोबर दही? आयुर्वेदात मासे आणि दूध एकत्र घेऊ नये असं सांगितलंय आणि आमच्या घरी दहीही त्याच नियमात धरतात. मुलांना असं देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजरोड_सकाळ

तुमच्या मताचा आदर आहे. बंगाली घरांत दोई माछ पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि आम्हाला कुणाला त्रास झालेला नाही, म्हणून मी करते. पण मन मानत नसेल तर मुळीच करू नये. दह्याऐवजी काबुली चणे घ्या. रात्री भिजवून मऊ शिजवायचे, त्यातले थोडे बाजूला ठेवून बाकीचे लसूण, चमचाभर भाजलेले तीळ, लिंबू आणि शिजवलेलंच थोडं पाणी घालून वाटायचे. हे वाटण मेयोइतकंच मऊ होतं आणि टूनाला धरून ठेवतं. वर ते बाजूला ठेवलेले अख्खे चणे मिसळा, चावायला काहीतरी येतं.

दूरचा_नाशिककर

चण्यावरून आठवलं. इटलीत टूना आणि पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं सॅलड घरोघरी होतं: शिजलेले दाणे, टूना, लाल कांदा, ऑलिव्ह तेल, मिरपूड. आपल्याकडे राजमा किंवा चवळी चालते. लाल कांदा लासलगावच्या बाजूचा असला की झालंच. पातळ काप करून दहा मिनिटं लिंबात ठेवा, उग्रपणा जातो. चमचाभर तेल दोन माणसांना पुरतं. डब्यातही छान राहतं, कारण पाणी सुटत नाही.

अशोकस्तंभ_वाचक

माझ्या बहिणीच्या गरोदरपणात आम्ही हा विषय नीट वाचून काढला होता, म्हणून लिहितो. टूनात पारा असतो, आणि तो जातीप्रमाणे कमी-जास्त असतो. टिनवर 'स्किपजॅक' किंवा 'लाइट' लिहिलेलं असेल तर पारा कमी, 'अल्बाकोर' किंवा 'व्हाइट' असेल तर त्याच्या जवळपास तिप्पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी सल्ला असा: लाइट टूना आठवड्याला दोन ते तीन वेळा चालेल, अल्बाकोर एकदाच. एक वेळ म्हणजे सुमारे 113 ग्रॅम. मुलांचा वाटा याहून लहान. तुमचा मुलगा मोठा आहे, पण रोज एक टिन खात असेल तर मध्ये मध्ये अंडी, हरभरे, पनीर येऊ द्या.

आणि यजमानांसाठी एक. ओमेगा-3 हा हेतू असेल तर टिनमधल्या लाइट टूनापेक्षा बांगडा आणि तारली कितीतरी सरस आहेत, स्वस्तही. रविवारी मासळीबाजारात जाताच आहात तर बांगडा आणा, तव्यावर थोड्या तेलात भाजा, आणि टूना मधल्या दिवसांना ठेवा.

रानजाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आमचे टिन स्किपजॅकचेच निघाले. आज भुर्जी केली, नवऱ्याने दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली आणि उद्याही करशील का असं विचारलं. आता तीन प्रश्न राहिले. कटलेट तळल्याशिवाय होतील का? आणि उन्हाळ्यात डब्यात काय द्यावं? अर्धा टिन उरला तर ठेवायचा कसा?

खाडीपलीकडे

कटलेट नक्की होतात. बटाट्याऐवजी उकडलेलं रताळं घ्या, एका टिनला एक मध्यम. बांधणीला दोन चमचे भाजलेलं बेसन, आलं-मिरची, कोथिंबीर, लिंबू. टूना नीट दाबून निथळा, पाणी राहिलं तर कटलेट तव्यावर मोडतात. चपटे थापा, बारीक रव्यात घोळवा आणि बिडाच्या तव्यावर चमचाभर तेल सोडून दोन्ही बाजूंनी शेका. उलटायची घाई नको, खालची बाजू सुटली की आपोआप निघतात. थापलेले कच्चे कटलेट फ्रीजरमध्ये राहतात, सकाळी थेट तव्यावर टाकता येतात.

सातपूर_दुसरी_पाळी

उरलेला टूना टिनमध्ये ठेवू नका. काचेच्या झाकणबंद भांड्यात काढून लगेच फ्रीजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवा. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला टिन असेल तर उघडूही नका, तसाच टाकून द्या.

डब्याचं म्हणाल तर एप्रिल-मेच्या उन्हात टूना तासन्‌तास बाहेर ठेवणं धोक्याचं. या जातीच्या माशात उष्णतेने हिस्टामिन तयार होतं. त्याने अंगावर लाली येते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. मुलाला ऑफिसात फ्रीज असेल तरच चक्क्याचा किंवा चण्याचा प्रकार द्या, नेतानाही बर्फाची पिशवी बरोबर. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात डब्याला उसळ आणि टूना घरी रात्री.

गंगापूररोड_आजोबा

माझं युरिक ॲसिड वाढतं, सांधा सुजतो. मला यातलं काही चालेल का?

अशोकस्तंभ_वाचक

आजोबा, टूनात प्युरीन बऱ्यापैकी असतं आणि त्याचंच शरीरात युरिक ॲसिड होतं. बांगडा आणि तारलीचंही तेच, त्यामुळे वर मी जे सुचवलं ते तुमच्यासाठी नाही. सांधा सुजलेला असताना खाऊच नका. एरवी किती आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांना ताजा रिपोर्ट दाखवून ठरवा. तोवर चक्क्याचा प्रकार टूनाऐवजी उकडलेलं अंडं घालून करून बघा. मोहरी, काकडी, पात सगळं तेच, आणि द्राक्षंही चालतील.