सही आणि विचारणं

मुलांच्या उपचारांबद्दल बोलताना ‘संमतीची सही पालकांचीच चालते, मग पोराला विचारून उपयोग काय?’ असा मुद्दा निघतो. सहीपुरता तो बरोबर. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत संशोधनात मूल घ्यायचं तर पालकांच्या सहीसोबत ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि पुढे १८ पर्यंत लेखी होकार लागतो. रोजच्या उपचारांना हे लागू नाही, तिथे सगळं डॉक्टरच्या स्वभावावर. वास्तविक मुलांचं मत विचारात घ्यायला सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्येच स्वीकारलाय.

विचारण्याचा उपयोग मी घरातच पाहिला. माझ्या दापोलीच्या भाचीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे रोज इन्सुलिन टोचावं लागतं. साखर सारखी वरखाली व्हायची आणि ताई फणसाला शिव्या घालायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ताईला गप्प बसवून पोरीलाच विचारलं, ‘सुई कुठे टोचतेस?’ तर रोज मांडीवर एकाच जागी, कारण तिथे दुखत नाही! तिथे गाठ झाली होती, आणि अशा गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आता जागा बदलायचं वेळापत्रक तीच ठरवते, वहीत लिहिते. गरे किती खायचे यावरून मायलेकींची भांडणं चालूच आहेत.