कठड्याचा तुकडा कोणी नेला?

अण्णा (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. जिन्याच्या दुरुस्तीत काढलेल्या जुन्या लाकडी कठड्याचे तीन तुकडे गच्चीच्या दाराशी उभे करून ठेवले होते. आज सकाळी पाहिले तर दोनच आहेत. ज्यांनी नेला त्यांनी कृपया जागेवर आणून ठेवावा. सोसायटीची वस्तू आहे.

अण्णा (ए-१०१): तसेच काल दुपारी २ ते ४ बी विंगमधून खर्र खर्र आवाज येत होता. दोन्ही गोष्टींचा काही संबंध असल्यास ज्याचं त्याने समजून घ्यावं.

काका (सी-३०३): आवाज मीही ऐकला. मला वाटलं परत कोणी टाइल्स काढतंय.

दादा (बी-१०३): टाइल्सचा आवाज असा नसतो काका. रंध्याचा होता. रंधा माझा.

अण्णा (ए-१०१): म्हणजे तुकडा तुम्ही नेलात.

मावशी (बी-३०४): दादांना काही बोलू नका. तुकडा मी नेला, आणि सेक्रेटरींना विचारून नेला. दादांनी फक्त रंधा मारून दिला, तोही माझ्या आग्रहाखातर.

सेक्रेटरी: हो, मला विचारलं होतं, मी घ्या म्हटलं. ग्रुपवर टाकायचं राहून गेलं. चूक माझी.

अण्णा (ए-१०१): तोंडी परवानगी चालणार नाही हे टाकीच्या झाकणाच्या वेळी सर्वांसमक्ष ठरलं होतं. तेव्हा माझ्यावर ज्यांनी आवाज चढवला ते आज गप्प आहेत.

ताई (सी-१०२): झाकणाचं परत नको ना 🙏

वहिनी (सी-४०१): मावशी, पण कठड्याचं केलंत काय?

मावशी (बी-३०४): शिवण दाबायची दांडी. गोधडीचे तुकडे जोडले की मागची माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कापडाची कड, कधी कधी उघडून इस्त्री करायची असते ना, ती सपाट टेबलावर केली की मायेच्या दोन्ही कडांचा ठसा पुढे उठतो. सुलट बाजूला शिवणीच्या अल्याडपल्याड दोन रेघा दिसतात. अर्धगोल दांडीवर शिवण ठेवली तर शिवण तेवढी वर राहते, माया दोन्हीकडे उतारावर पडते आणि इस्त्रीचं टोक फक्त टाक्यांवरून जातं. शेजारच्या शिवणीला, आधी दाबून ठेवलेल्या तुकड्याला धक्काही लागत नाही. कठडा खालून सपाट आणि वरून गोल. असा आकार आयता मिळत नाही हो.

काका (सी-३०३): जिन्यात होता तेव्हा माणसं सरळ जायची, आता शिवणी सरळ जातील.

अण्णा (ए-१०१): विनोद ठीक आहे. तुकड्याचं काय?

काकू (सी-२०२): मी चाळीस वर्षं शिवते आहे. शिवण नखाने दाबायची, वरून इस्त्री. लाकडं लागत नाहीत.

मावशी (बी-३०४): काकू, तुमचा हात कोणाला येणार. पण माझा अंगठा सांध्यात धरतो. तीस-चाळीस शिवणी नखाने दाबल्या की संध्याकाळी सुई हातात राहत नाही. म्हणून केली दांडी, हौस म्हणून नाही.

काकू (सी-२०२): तसं असेल तर वेगळं. मला आपलं वाटलं नवीन फॅड.

वहिनी (सी-४०१): मी पण विचारू का? बाळासाठी गोधडी जोडतेय. ३ इंचाचे चौकोन, एका ओळीत ९. पाव इंच माया धरून ओळ २३ इंच यायला हवी. एक ओळ सव्वाबावीस आली, एक पावणेतेवीस. ओळी एकमेकींना जोडताना कोपरे जुळतच नाहीत. दोनदा उसवलं. रडू आलं काल.

काकू (सी-२०२): माया चुकते तुझी. मशीनच्या पट्टीवर विश्वास ठेवू नकोस. पाव इंच म्हणजे दोन सूत, त्यातही एका धाग्याने कमीच घे. कापड वळताना तेवढं घडीत जातंच.

मावशी (बी-३०४): मायाच चुकते असं आधीच नको म्हणू या. वहिनी, सव्वाबावीसच्या ओळीत पाऊण इंच गेला, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. शिवणी ८. एकेका शिवणीत दोन मिलिमीटरहून थोडं जास्त जातंय, दोन्ही बाजूंनी मिळून. डोळ्याला दिसणार नाही एवढंच आहे ते. उलट बाजूने माया मोजा. पाव इंचाहून जास्त भरली तर काकूंचं खरं. बरोबर पाव इंच असेल आणि तरी ओळ आखूड असेल, तर इस्त्री करताना शिवण पूर्ण उघडत नाही, टाक्याशी बारीक घडी राहते आणि ती घडी कापड खाते.

वहिनी (सी-४०१): घडी राहिली हे कळणार कसं?

मावशी (बी-३०४): सुलट बाजूने शिवणीवरून नख फिरवा. पायरी लागली की घडी आहे. दोन्ही तुकडे दोन बोटांनी हलकेच बाजूला ओढा, आत लपलेली कापडाची पट्टी दिसेल.

काका (सी-३०३): विषय निघालाच आहे म्हणून, जिन्याखालच्या त्या सायकलीचं काय ठरलं?

आजोबा (ए-२०३): ती सायकल माझ्या नातवाची आहे. कोणाच्या वाटेत येत नाही.

काका (सी-३०३): माझ्या गुडघ्याच्या वाटेत येते, परवा लागली.

सेक्रेटरी: सायकलीचा विषय वेगळा घेऊ. कृपया.

आजोबा (ए-२०३): मी फक्त उत्तर दिलं. सुरुवात मी केली नाही.

अण्णा (ए-१०१): कठड्याचा विषय आधी संपवावा. तुकडा परत जागेवर येणार आहे का? हो किंवा नाही.

मावशी (बी-३०४): नाही येऊ शकत अण्णा, कापला तो. दोन फूट ठेवला, उरलेल्याचा ठोकळा केला. नवीन लाकूड आणून द्यायला सांगाल तर देईन. मनापासून सांगते, न सांगता नेलेला नाही.

ताई (सी-१०२): ठोकळा कशाला आणखी?

दादा (बी-१०३): ते मी सांगतो. वाफेची इस्त्री उचलली की लगेच त्या जागी उघड्या लाकडाचा जड ठोकळा ठेवून १०-१५ सेकंद दाबून धरायचा. सुती धागा ओला आणि गरम झाला की त्याच्या आतले बंध ढिले पडतात, आणि वाळून थंड होताना जिथे असेल तिथे पुन्हा बसतात. म्हणजे शिवण खरी बसते ती थंड होताना. इस्त्री उचलून कापड तसंच सोडलं तर ते थंड होईपर्यंत थोडं उसळतं. ठोकळा वाफ शोषून घेतो, उष्णता आत कोंडतो आणि वरून दाब देतो. इस्त्रीचं वजन वाढवून हे साधत नाही, कारण इस्त्रीखाली कापड थंडच होत नाही.

काकू (सी-२०२): हे मात्र खरं. आम्ही जाड कोटाच्या शिवणीवर ओला फडका ठेवून इस्त्री करायचो आणि वर लाकडी थापीने दाबायचो. गोधडीला कधी केलं नाही.

मावशी (बी-३०४): करून बघा काकू. जिथे चार कोपरे एकत्र येतात तिथे गाठ बसते बघा, कापडाची. वरून टाके घालताना सुई अडते. ठोकळ्याने ती गाठ चपटी होते.

वहिनी (सी-४०१): मग मी कुठलाही लाकडाचा तुकडा घेतला तर चालेल? घरी प्लायवूडचे पडलेत.

दादा (बी-१०३): प्लायवूड अजिबात नको, त्यात थर डिंकाने चिकटवलेले असतात, वाफेने सुटतात. भुशाचा दाबलेला बोर्ड तर ओल्याने फुगतो. चीडसारखं राळेचं लाकूड तापलं की राळ सोडतं. अखंड, कठीण, बारीक रंध्रांचं लाकूड हवं आणि त्याला पॉलिश, व्हार्निश, तेल, रंग काहीही लावायचं नाही. लाटणंही घेऊ नका, त्यात तेल मुरलेलं असतं.

मावशी (बी-३०४): पॉलिशचं मी भोगलं आहे. घाईने पहिल्यांदा कठडा नुसता पुसून घेतला आणि त्यावर शिवण दाबली. पांढऱ्या चौकोनावर टाक्यालगत बोटभर लांब पिवळट-तांबूस पट्टा उमटला. साबण लावला, उन्हात टाकला, गेला नाही. तो चौकोन उसवून नवा लावावा लागला. मग दादांकडे गेले.

दादा (बी-१०३): कठड्यावर वर्षानुवर्षांची पॉलिशची पुटं होती. मिलिमीटर-दीड मिलिमीटर रंध्याने उतरवलं तेव्हा कोरं लाकूड लागलं. अण्णा, तोच आवाज. मग पॉलिश पेपर ८० नंबर, १२०, शेवटी २२०, सगळा लाकडाच्या रेषेच्या दिशेने. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू दिलं. ओलं झालं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. ते परत २२०ने उतरवायचं. हे केलं नाही तर पहिल्याच वाफेला तंतू उभे राहून कापडाला धरतात.

अण्णा (ए-१०१): कागद घासायचा आवाजही होता. ३:४० पर्यंत.

दादा (बी-१०३): मान्य. पुढच्या वेळी ४ नंतर.

अण्णा (ए-१०१): "पुढच्या वेळी" म्हणजे आणखी तुकडे नेणार आहात का?

काका (सी-३०३): 😀

आजोबा (ए-२०३): माझा प्रश्न आहे. कठडा सागवानी होता. सागात स्वतःचंच तेल असतं. ते कापडाला लागणार नाही का?

दादा (बी-१०३): अगदी बरोबर आजोबा. म्हणूनच दांडी उघडी ठेवली नाही.

मावशी (बी-३०४): दांडीवर दोन थर आहेत. आत जुन्या लोकरी घोंगडीची पट्टी, वर मांजरपाट. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन आकसवून घेतला, नाहीतर वाफेने आकसून खाली चुण्या पडतात. खालच्या सपाट बाजूला हाताने उलटसुलट टाके घालून ताणून शिवला, बुटाच्या नाडीसारखा. डिंक लावला नाही, तापला की मऊ पडतो. खिळे-पिना लावल्या नाहीत, टेबलाला ओरखडे पडतात. मळला की टाके उसवायचे आणि धुवायचा.

ताई (सी-१०२): आतला थर फोमचा चालेल का? माझ्याकडे आहे.

मावशी (बी-३०४): फोम नको. कृत्रिम धाग्याचं काहीच नको इस्त्रीखाली. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंश, सुतीला ते चालतात. पॉलिएस्टरला दोन ठिपके, साधारण १५०. त्यापुढे ते चकाकतं, गोळा होतं. लोकर उष्णता धरून ठेवते आणि ओल शोषते, म्हणून खालूनही शिवण दाबली जाते.

वहिनी (सी-४०१): आणि ठोकळ्याला काय गुंडाळायचं?

दादा (बी-१०३): ठोकळ्याला काही नाही, तो उघडाच हवा, तरच वाफ पितो. म्हणून तो सागाचा करू नका असं मी मावशींना म्हटलं होतं.

मावशी (बी-३०४): मी ऐकलं नाही. आता तो फक्त गडद कापडावर वापरते. पांढऱ्यासाठी दादा दुसऱ्या लाकडाचा करून देणार आहेत. कोणाचाही ठोकळा असो, पहिल्यांदा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, डाग येतो का ते. मग गोधडीला लावा.

अण्णा (ए-१०१): म्हणजे सोसायटीच्या लाकडाचा अर्धा भाग ज्या कामाला नेला त्या कामाचाही नव्हता.

मावशी (बी-३०४): अण्णा, ते तुमचं खरं आहे. लागलं मनाला, पण खरं आहे.

सेक्रेटरी: अण्णा, पुरे आता. त्या तुकड्यांना वर्षभर कोणी हात लावला नव्हता, पावसात भिजत होते.

अण्णा (ए-१०१): भिजत होते कारण आत ठेवा म्हणून मी तीनदा लिहिलं आणि कोणी ठेवले नाहीत. हाच ग्रुप वर जाऊन पाहा.

ताई (सी-१०२): हे मात्र लिहिलं होतं अण्णांनी. मी वाचलं होतं.

वहिनी (सी-४०१): मोजलं! उलट बाजूने माया बरोबर पाव इंच. आणि नख फिरवलं तर पायरी लागते, प्रत्येक शिवणीला. म्हणजे घडीच राहते ना?

मावशी (बी-३०४): घडीच. उसवू नका. आधी शिवण जशी शिवली तशीच, न उघडता, सपाट दाबा. त्याने धागा कापडात बसतो. मग उघडा, टाक्यावर इस्त्रीचं टोक ठेवा, उचला, पुढे ठेवा. ओढू नका. इस्त्री फिरवली की कापड तिच्याबरोबर जातं, आणि तुकडा उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असेल तर ताणून वाकडाच होतो.

काकू (सी-२०२): मी मगाशी माया म्हटलं, ते चुकलं माझं. पण एक सांगते, लेकराच्या गोधडीला माया उघडू नकोस, एका बाजूला पाड, गडद कापडाकडे. रोज ओढाताण होणार, रोज धुतली जाणार. उघड्या शिवणीत सगळा ताण एका धाग्यावर येतो.

मावशी (बी-३०४): काकूंचं ऐका. मी आठ तुकडे एका बिंदूत येतात तिथेच उघडते, बाकी बाजूलाच पाडते. एका ओळीची माया डावीकडे, पुढच्या ओळीची उजवीकडे. म्हणजे जोडताना कोपरे एकमेकांत अडकतात आणि सरकत नाहीत. बाजूला पाडायलाही दांडी चालते.

वहिनी (सी-४०१): संध्याकाळी येऊ का दांडी वापरायला?

मावशी (बी-३०४): या ना. इस्त्री तुमची आणा, माझी पाणी गळते. काकू, तुम्हीही या.

काकू (सी-२०२): येते. थापी घेऊन येते माझी, असेल माळ्यावर. ती बिनपॉलिशचीच आहे.

आजोबा (ए-२०३): सायकल मी आज वर नेतो. कोणाला लागायला नको.

काका (सी-३०३): आभारी आहे आजोबा. मीही जरा जोरात लिहिलं.

अण्णा (ए-१०१): उरलेले दोन तुकडे मी आत घेऊन मोजून ठेवले आहेत. एक ३ फूट ४ इंच, दुसरा २ फूट १० इंच. सर्वांच्या माहितीसाठी. यापुढे लेखी विचारल्याशिवाय हात लावू नये.

वहिनी (सी-४०१): अण्णा, लेखी विचारते आहे. २ फूट १० इंचवाला मिळेल का?